आजोबांची वकिलीची मेज

जुन्या आदिलाबादच्या आठवणी इथे निघतात, म्हणून आमच्या घरातल्या एका मेजेची हकीकत लिहितो.

मेज सागवानी, वर लिहिण्यासाठी चामडं बसवलेलं. आजोबा आदिलाबादच्या कोर्टात वकील. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरी उर्दूत, त्यामुळे घरी मराठी बोलणारा हा माणूस दिवसभर उर्दूत अर्ज लिहायचा. फी हाली शिक्क्यात. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मी बँकेत लागण्याच्या कितीतरी आधी त्यांच्याकडून शिकलो.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. घरात आनंदच झाला. पण हळूहळू कागदांची भाषा बदलू लागली. 1 नोव्हेंबर 1956 ला संस्थानाचे तीन तुकडे झाले. किनवट आणि राजुरा आमच्याच जिल्ह्यातले, ते मुंबई राज्यात गेले. आजोबांचे बरेच पक्षकार तिकडचे, ते एका दिवसात परराज्यातले झाले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. 1966 ला तेलुगू राजभाषेचा कायदा आला. आजोबांना तेलुगू बोलता यायचं, वाचता येत नव्हतं.

मेज रिकामी पडली, तिच्यावर मी शाळेचा अभ्यास करू लागलो. एकदा घरी तेलुगूत एक नोटीस आली. बैठकीत चार माणसं होती. आजोबांनी ती माझ्यापुढे धरली. मी हसून म्हणालो, "एवढे मोठे वकील आणि साधी नोटीस वाचता येत नाही?" ते काही बोलले नाहीत. पुढे असा कागद आला की शेजारच्या मास्तरांकडे घेऊन जायचे. माझ्याकडे पुन्हा कधी आणला नाही.

गेल्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा मेज बाहेर आली. चामड्याच्या कडा सुटलेल्या, हात फिरवला की बोटांना तांबूस भुकटी लागायची. चिरंजीव म्हणाले, "बाबा, काढून टाका, वर रेक्झिन लावू." मी ऐकलं नाही. शहाणपणा करून एका कोपऱ्यावर खोबरेल तेल चोळलं. तो कोपरा काळा आणि चिकट झाला, वर धूळ बसली.

मग बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या मामांना घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं, हे झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. आपल्याकडे या कामाला तरवडाची साल वापरायचे. तरवड म्हणजे तेलुगूतला तंगेडू, बतुकम्मात मांडतात ते पिवळं फूल, आता तेलंगणाचं राज्यफूल. असं चामडं वर्षानुवर्षं धूर आणि हवेतली आम्लं शोषतं, तंतू तुटतात, भुकटी होते. तेल कितीही पाजलं तरी तुटलेला तंतू जुळत नाही. म्हणून मामांनी मऊ ब्रशने भुकटी झाडली, सुटलेल्या कडांखाली मैद्याची घट्ट खळ भरली, फळी ठेवून वर वजन दिलं. दोन दिवसांनी मेणाचा अगदी पातळ हात फिरवला. वर काच ठेवू नका म्हणाले, ओल कोंडते.

काम संपताना त्यांनी विचारलं, "साहेब, हे डाग अन् ओरखडे रंगवून बुजवू का?"

उजवीकडे दौतीचं गोल वळं होतं. शेजारी लाखेचे तीन-चार लाल ठिपके, सीलबंद लखोट्यांचे. आणि डावीकडे दोन खोल चिरा, माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या. आजोबांच्या डोळ्यांदेखत मी त्या मारल्या होत्या, तरी मला ओरडले नव्हते.

मी म्हणालो, "नको मामा, काहीच बुजवू नका."

आजोबा 1971 ला गेले. त्या नोटिशीबद्दल माफी मागायची राहून गेली.

आता हे सगळं त्याच मेजेवर बसून लिहितोय. तुमच्याही घरात उर्दूत शिकलेले, मराठी बोलणारे आणि छप्पन्ननंतर तेलुगूसमोर गप्प झालेले कोणी असतील. त्यांच्याबद्दल खाली जरूर लिहा.