सहा आठवड्यांचा सैनिक

२४ मे २००२. ऑस्ट्रेलियात राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवलेले होते. टास्मानिया बेटाच्या राजधानीत, होबार्टमध्ये, १०३ वर्षांच्या एका माणसाचा शासकीय इतमामात अंत्यविधी चालू होता. पंतप्रधान जॉन हॉवर्ड स्वतः हजर होते. गेलेला माणूस ना मंत्री होता, ना सेनापती. सैन्यातली त्याची पायरी सगळ्यात खालची, साधा शिपाई. आणि युद्धाच्या आघाडीवर तो होता जेमतेम सहा आठवडे.

त्याचं नाव अॅलेक कॅम्पबेल. गॅलिपोलीच्या लढाईत उतरलेल्यांपैकी जगात उरलेला तो शेवटचा माणूस होता.

मला त्याच्याबद्दल कुतूहल वाटलं ते या सहा आठवड्यांमुळे नाही. सैन्यातून सुटल्यावर तो आणखी जवळजवळ ८६ वर्षं जगला. ती ८६ वर्षं कुठे गेली, हा माझा प्रश्न होता.

आधी गॅलिपोलीबद्दल थोडं. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत होता. दार्दनेल्सची अरुंद सामुद्रधुनी ताब्यात घ्यायची, इस्तंबूलवर चाल करायची आणि रशियाकडे जाणारा समुद्रमार्ग मोकळा करायचा, असा ब्रिटन-फ्रान्सचा बेत होता. मार्च १९१५ मध्ये नुसत्या युद्धनौका पाठवून ते जमलं नाही. मग २५ एप्रिलला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पायदळ उतरवलं. त्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची एकत्र फौज होती, तिचं लघुनाव अँझॅक. समोर उभे कडे, वर तुर्की सैनिक. आठ महिने ही फौज किनाऱ्यालगतच्या एका चिंचोळ्या पट्टीत अडकून पडली आणि शेवटी मागे फिरली. ८,००० हून जास्त ऑस्ट्रेलियन मेले. तुर्कांचे मृत्यू त्याच्या कितीतरी पट.

थोडक्यात, सपशेल हार. तरी २५ एप्रिल हा ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात भावुक दिवस आहे. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. ज्या भाषेत ‘पानिपत होणं’ हा वाक्प्रचार आहे, त्या भाषेच्या माणसांना पराभव जपणं म्हणजे काय ते कळतं.

अॅलेकचा जन्म २६ फेब्रुवारी १८९९ चा, टास्मानियातल्या लॉन्सेस्टन गावचा. विमा कंपनीत कारकून होता. जुलै १९१५ मध्ये तो भरती कचेरीत गेला आणि वय सांगितलं १८ वर्षं ४ महिने. खरं वय होतं १६ वर्षं ४ महिने. महिने खरे ठेवले, वर्षं तेवढी दोन वाढवली! अजून दाढीसुद्धा करावी लागत नव्हती. छावणीतल्या लोकांना काय ते दिसतच असणार, कारण त्यांनी त्याचं नाव ‘द किड’ पाडलं, म्हणजे ‘बारक्या’ म्हणा. या प्रसंगाकडे बरेच जण कौतुकाने बघतात. मला ते जमत नाही. पोराने थाप मारली हे ठीक, पोराचं वयच ते. पण समोर बसलेल्या मोठ्या माणसांनी ती लिहून घेतली. एप्रिलपासून माणसं मरत होती आणि रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो गॅलिपोलीला उतरला. मोठे हल्ले ऑगस्टमध्येच होऊन फसले होते. अॅलेकच्या वाट्याला आलं हमालीचं काम. दारूगोळा, शिधा आणि पाणी खंदकांपर्यंत पोचवायचं. हे काम हलकं नव्हतं. त्या पट्टीत पिण्याचं पाणी फार थोडं, त्यामुळे ते जहाजांनी आणावं लागे आणि किनाऱ्यावरून वर चढवावं लागे. त्या वाटांवर तोफगोळे आणि नेमबाजांच्या गोळ्या येत. याच किनाऱ्यावर हिंदुस्थानी सैन्याची खेचरं आणि ती हाकणारी आपली माणसंही होती. अँझॅकच्या पाण्याचा आणि शिध्याचा मोठा भार त्यांनी वाहिला. २५ एप्रिलला संचलन बघणाऱ्या गर्दीत हे ठाऊक असणारे किती असतील, कोण जाणे.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे बर्फाचं वादळ झालं. अनेक ऑस्ट्रेलियनांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो उन्हाळी कपड्यांत, खंदकात उभं राहून. मग आली माघार. या मोहिमेत नीट जमलेली गोष्ट बहुधा हीच. फौज अजून जागेवर आहे असं तुर्कांना वाटावं म्हणून एका सैनिकाने युक्ती काढली होती. वरच्या डब्यातून पाणी ठिबकत खालच्या डब्यात पडायचं, तो जड झाला की बंदुकीचा चाप ओढला जायचा. माणसं निघून गेल्यावरही बंदुका उडत राहिल्या. २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत अँझॅकचा किनारा रिकामा झाला, आणि प्राणहानी जवळपास शून्य.

अॅलेकला या काळात किरकोळ जखम झाली. नंतर ताप आला, चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला. जानेवारी १९१६ मध्ये त्याला घरी पाठवलं आणि ऑगस्टमध्ये सैन्यातून मोकळं केलं. माजी सैनिक, वय १७.

इथून पुढे मी त्यांना ‘ते’ म्हणतो, कारण माझ्या मते खरा माणूस इथून सुरू होतो.

ते मेंढ्या-गुरांच्या मोठाल्या रानांत शिकाऊ गडी म्हणून राबले. सुतारकाम शिकले. कॅनबेरा ही नवी राजधानी उभी राहत होती, तिथे संसदेच्या इमारतीवर काम केलं. रेल्वेचे डबे बांधले. तिथेच कामगार संघटनेत रुजले आणि १९३९ पासून रेल्वे कामगार युनियनच्या टास्मानिया शाखेचे अध्यक्ष झाले. लॉन्सेस्टनमधल्या सगळ्या युनियनच्या एकत्रित मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. दुसरं महायुद्ध चालू असताना, पहिल्यातून परत आलेला हा माणूस कामगारांच्या पगाराचं आणि कामाच्या तासांचं बघत होता.

पन्नाशीच्या आसपास त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली. सरकारी नोकरी केली. सिडनी ते होबार्ट ही शिडाच्या बोटींची शर्यत असते, ६०० हून अधिक सागरी मैलांची, खवळलेल्या बास सामुद्रधुनीतून जाणारी. ती पहिल्यांदा झाली १९४५ साली, म्हणजे कॅम्पबेल तेव्हा ४६ वर्षांचे. ते त्या शर्यतीत अनेक वेळा उतरले. १९५० मध्ये बोटीने टास्मानियाला पूर्ण वळसा घातला. दोन लग्नं, नऊ मुलं. शेवटचं मूल झालं तेव्हा वय ६९!

या सगळ्या काळात गॅलिपोलीबद्दल ते फारसं बोलत नसत.

देश मात्र बोलायला लागला होता. साठ-सत्तरच्या दशकांत, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मोर्चे निघत होते तेव्हा, अँझॅक दिनाचं महत्त्व ओसरत चाललं होतं. ऐंशीनंतर वारं फिरलं. १९९० मध्ये पंतप्रधान बॉब हॉक वयोवृद्ध सैनिकांना घेऊन गॅलिपोलीला गेले. जुने सैनिक कमी होत गेले तसतशी उरलेल्यांची किंमत वाढली. २००० साली टपाल खात्याने ‘शेवटचे अँझॅक’ म्हणून तिकिटं काढली, त्यांवर तिघे होते: वॉल्टर पार्कर, रॉय लाँगमोर आणि कॅम्पबेल. पार्कर त्याच जानेवारीत गेले, लाँगमोर २००१ मध्ये. राहिले कॅम्पबेल. ज्या वयात माणसं घरातल्यांची नावं विसरतात, त्या वयात ते एका राष्ट्राची आठवण झाले. आणि हे कर्तबगारीने मिळालेलं पद नव्हतं, इतर सगळे आधी मेले म्हणून आलेलं होतं.

आता २४ मेचं ते दृश्य पुन्हा बघा. हॉवर्ड यांच्या सरकारने १९९८ मध्ये गोदी कामगारांच्या युनियनविरुद्ध उघड भूमिका घेतली होती. संप, न्यायालय, बंदरावर कुत्री घेऊन उभे केलेले रखवालदार, सगळं झालं होतं. २००२ मध्ये त्याच सरकारचे सैनिक अफगाणिस्तानात होते. त्या सरकारने एका जुन्या युनियन अध्यक्षाला राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला, कारण सोळाव्या वर्षी त्याने पाणी वाहिलं होतं. हा ढोंगीपणा होता असं मी म्हणत नाही. श्रद्धांजली मनापासून असेल. पण झेंडे उतरले ते ‘शेवटचा’ या शब्दासाठी. रेल्वेच्या कारखान्यात कामगारांची बाजू मांडणारा माणूस त्या शब्दात मावत नव्हता.

मी वाचलेल्या बहुतेक लेखांत युनियनचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला आहे. शर्यतींना अर्धं वाक्य. गॅलिपोलीला मात्र परिच्छेदावर परिच्छेद, आणि त्यातही हमाली कमी, पराक्रम जास्त.

शेवटच्या वर्षांत कॅम्पबेल होबार्टच्या अँझॅक संचलनात गाडीत बसून जात. छातीवर पदकं, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी शाळकरी मुलं. त्यातली काही तेव्हा सोळाची असणार.