नगरची मेंढी आणि दुसरे कोकरू

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर मेंढरांच्या खांडी घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी येतात. वाटेतले शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. नगर जिल्ह्यातला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. संगमनेरच्या नावाने तर दख्खनी मेंढीचा एक प्रकारच ओळखला जातो.

ही मेंढी काटक, पण एका वेतात बहुधा एकच कोकरू देणारी. सतत चालणाऱ्या खांडीला तेच सोसत असे. पुढे घोंगडीची मागणी घटली, मटणाचे भाव चढले आणि धनगराची मिळकत कोकरांवर येऊन ठेपली.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर काम झाले. दुसऱ्या कोकराचा शोध मात्र लागला सातारा जिल्ह्यातल्या फलटणला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सुंदरबनातली गरोल मेंढी आणली. अंगाने लहान, पण जुळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरूला मेरिनोची जुळी-तिळी देण्याची ख्याती त्यांच्याच वारशातली.

त्यामागचा जनुकीय बदल २००१ मध्ये सापडला. अंडाशयातल्या पेशींच्या पृष्ठभागावर बीएमपीआर-१बी नावाचे ग्राही प्रथिन असते. बाहेरचा संकेत त्याला चिकटला की ते पेशीतल्या ‘स्मॅड’ प्रथिनांना फॉस्फेट जोडते. ही प्रथिने निरोप्यासारखी केंद्रकात जातात आणि जनुकांचे काम बदलतात. बीजे वाढवणाऱ्या पिशव्या, म्हणजे बीजपुटिका, लवकर पिकू नयेत, हा त्या निरोपातला एक भाग. गरोलमध्ये ग्राहीच्या साखळीतले २४९वे अमिनो आम्ल वेगळे आहे: ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन. त्यामुळे तो अटकाव सैल पडतो, बीजपुटिका लहान असतानाच पिकतात आणि एका ऋतुचक्रात जास्त बीजे सुटतात.

फलटणच्या संस्थेने हा बदल दख्खनी रक्तात उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. कोणत्या मेंढ्यात तो आहे, हे आता रक्ताच्या डीएनए चाचणीवरून कळते.

पण एका आम्लाच्या बदलाने दूध वाढत नाही. जुळ्यांच्या आईला जास्त चारा लागतो, आणि चराऊ रानांवर बंदी आली तर दुसरे कोकरू जगवणे अवघड होते. नगरच्या धनगराला सुधारित मेंढा देताना त्याच्या खांडीची चराई आणि वाटाही राखायला हव्यात.