रात्री दोन ते सकाळी आठ

२००५च्या सुमारास बीएसएनएलचं ‘डेटावन’ घरोघरी यायला लागलं. वेग होता २५६ केबीपीएस. केंद्राच्या २००४च्या धोरणानुसार एवढ्या वेगाला अधिकृतपणे ‘ब्रॉडबँड’ म्हणता येत होतं. पुढे असेही प्लॅन आले, ज्यांत दिवसाचा डेटा मोजला जायचा, पण रात्री दोन ते सकाळी आठ सगळं फुकट.

आता एक गणित करा. सीडीवर मावणारा ७०० एमबीचा सिनेमा २५६ केबीपीएसनं उतरवायला सहा तासांहून किंचित जास्त वेळ लागतो. म्हणजे फुकटची वेळ आणि सिनेमा जवळजवळ एकाच मापाचे! मग घरातलं एखादं कार्टं दोनचा गजर लावून उठायचं, टॉरेंट सुरू करून परत झोपायचं. आठला ते बंद करायचं राहिलं की बाबांची मेल उघडायची नाही, ताईचा स्काइप कॉल तुटायचा आणि आरोळी यायची, “बंद कर आधी ते तुझं डाउनलोड!”

तो सिनेमा कायदेशीर होता का, हा वेगळा विषय. इथला प्रश्न साधा आहे : एका माणसाच्या फाइलमुळे सगळ्या घराचं नेट का बसायचं? याचं उत्तर शोधायला जगाला बरीच वर्षं लागली, आणि तोवर बंदी हाच एक उपाय सगळ्यांना सुचत होता.

बिटटॉरेंट ब्रॅम कोहेननं २००१मध्ये आणलं. अख्खी फाइल एका सर्व्हरवरून न घेता तिचे तुकडे अनेक अनोळखी लोकांकडून घ्यायचे, आणि हाती आलेले तुकडे लगेच इतरांना द्यायचे. जो देतो, त्याला जास्त मिळतं. फोनच्या तारेवरचं एडीएसएल मात्र उलट गृहीतकावर उभं होतं : गिऱ्हाईक घेणार भरपूर, देणार थोडं. त्यामुळे वर जाणारी वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली. टॉरेंट नेमकी तीच भरून टाकायचं. शिवाय नेटवर काहीही उतरवताना आपल्या यंत्राला ‘पोचलं, पुढचं पाठव’ अशा पोचपावत्या सतत वर धाडाव्या लागतात. त्या अडकल्या की खाली येणारा मजकूरही थांबतो.

दुसरं कारण आणखी जुनं. ऑक्टोबर १९८६मध्ये बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ, या जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसननं कारण शोधलं आणि १९८८मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पाठवलेलं पाकीट हरवलं, तर पुढे गर्दी आहे असं समजून आपला वेग कमी करायचा. वर पोलीस कोणी नाही. प्रत्येक यंत्रानं आपणहून पाळायची ही शिस्त. पण तिच्यामुळे समान वाटा मिळतो तो जोडण्यांना, माणसांना नाही. मेलची जोडणी एक, टॉरेंटच्या चाळीस. रेशनच्या रांगेत एकानंच चाळीस पिशव्या मांडून ठेवाव्यात, तसं. नियम मोडला असं म्हणताही येत नाही, आणि मागचा माणूस मात्र ताटकळतो.

मग बंदीचे प्रयोग सुरू झाले. टॉरेंटची सुरुवातीची नेहमीची दारं म्हणजे ६८८१ ते ६८८९ हे पोर्ट. राउटरमध्ये ते बंद केले, तर सॉफ्टवेअर दुसरे कुठलेही पोर्ट वापरायला लागलं. कंपन्या पाकिटं उघडून आत काय आहे ते पाहायला लागल्या, तर ती सांकेतिक लिपीत जायला लागली.

२००७मध्ये अमेरिकेत याचा कडेलोट झाला. रॉब टोपोल्स्की हा गृहस्थ ‘बार्बरशॉप’ पद्धतीची, हक्क संपलेली जुनी गाणी टॉरेंटवर वाटत होता. ती कुणाकडे पोचेनात. त्यानं तपासलं, तेव्हा कळलं की कॉमकास्ट ही त्याची नेट कंपनी दोन्ही टोकांच्या संगणकांना ‘जोडणी तोडा’ असे खोटे निरोप पाठवत होती, जणू ते समोरच्या संगणकाकडूनच आलेत. असोसिएटेड प्रेसनं बायबलची जुनी इंग्रजी आवृत्ती उतरवून पाहिली. तिलाही तोच अनुभव आला. ऑगस्ट २००८मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं कंपनीला दोषी धरलं. एप्रिल २०१०मध्ये न्यायालयानं आयोगाला तो अधिकारच नाही म्हणून निर्णय रद्द केला. दरम्यान कंपनीनं पद्धत बदलली होती. गर्दीच्या वेळी जो खूप वापरतो त्याला थोडं मागे ठेवायचं, मग तो काहीही उतरवत असो.

खरा उलगडा मात्र २०१०मध्ये एका घरात झाला. जिम गेटिस हा अनुभवी संगणकतज्ज्ञ घरून एक मोठा संग्रह नेटवर चढवत होता. त्यात टॉरेंटचा संबंधच नव्हता. तरीही घरचं नेट बसलं. विलंब एका सेकंदाच्या वर गेला. खोदत गेल्यावर गुन्हेगार सापडला तो मोडेममध्ये. मेमरी स्वस्त झाली म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी तिच्यात पाकिटं साठवायला प्रचंड जागा दिली होती. जेकबसनचा नियम पाकीट हरवण्याची वाट पाहतो; हे मोडेम काही हरवूच देईना, नुसतं साठवत बसे. वर जाणारा वेग २५६ केबीपीएस आणि साठा २५६ केबी असेल, तर रांगेत शेवटी आलेल्या पाकिटाला आठ सेकंद थांबावं लागतं. गेटिसनं या रोगाला ‘बफरब्लोट’ नाव दिलं.

रोग कळल्यावर औषधंही आली. टॉरेंटवाल्यांनी तर त्याआधीच स्वतः नवी पद्धत काढली होती : रांगेतला विलंब वाढताना दिसला की आपणच बाजूला सरायचं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तोच जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणलं. ते रांगेची लांबी न बघता पाकीट किती वेळ ताटकळलं ते बघतं. थांबणं सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहिलं, तर पाकीट टाकून देतं, म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा मिळतो. त्याच वर्षी लिनक्समध्ये प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देण्याची सोय त्याला जोडली गेली. २०१८मध्ये आलेल्या ‘केक’मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला सारखा वाटा देता येतो. चाळीस पिशव्या मांडल्या तरी वाटा एकाचाच.

यातल्या कशालाही तुम्ही काय उतरवताय हे विचारावं लागत नाही. जुलै २०१८मध्ये आपल्या सरकारनंही नेट कंपन्यांसाठी हेच तत्त्व मान्य केलं : विशिष्ट मजकूर वा अ‍ॅप मुद्दाम हळू करायचं नाही.

आज घरच्या नेटच्या डेटाला सहसा रात्री-दिवसाचा फरक उरलेला नाही. पण सगळं घर एकाच वायफायवर असतं, आणि कुणाचा तरी फोन खिशातल्या खिशात फोटो वर चढवत असतो. कॉल अडकतो, आणि आरोळी तीच येते. ब्लॉक करायच्या यादीत धाकट्याचं नाव घालण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ ही अक्षरं दिसतात का ते बघा. ही सगळी औषधं बहुतेकदा त्याच नावामागे असतात. दिसली, तर ते चालू करा आणि तिथे वेग आपल्या लाइनपेक्षा थोडा कमी लिहा, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागेल. धाकटा बहुधा निर्दोष असेल.