पाणीवाली बाई दिल्लीत: चळवळीतून लोकसभेत गेलेल्या चार स्त्रियांची गोष्ट

१/
१९७७ च्या मार्चमध्ये लोकसभेचे निकाल लागले आणि मुंबईत एक घोषणा तोंडोतोंडी झाली: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' दिल्लीवाली बाई म्हणजे रायबरेलीत पराभूत झालेल्या पंतप्रधान इंदिरा गांधी. पाणीवाली बाई म्हणजे उत्तर मुंबईतून निवडून आलेल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे.

२/
घोषणा गमतीची होती, पण तिच्यामागे एक गंभीर कोडे दडलेले आहे. सहाव्या लोकसभेच्या ५४२ जागांवर अवघ्या १९ स्त्रिया निवडून आल्या. स्वतंत्र भारताच्या इतिहासातला हा नीचांक. नेमक्या त्याच निवडणुकीत मुंबईने आपल्या सहा जागांपैकी दोन जागांवर डाव्या-समाजवादी चळवळीतल्या स्त्रिया निवडल्या. हे घडले कसे, आणि पुढे असे क्वचितच का घडले?

३/
थोडे मागे जाऊ. पहिल्या लोकसभेत नागपूरमधून अनसूयाबाई काळे, पुण्यातून इंदिराबाई मायदेव आणि मुंबई उपनगरातून जयश्री रायजी निवडून आल्या होत्या. तिघीही काँग्रेसच्या. चिमूर-आष्टी प्रकरणातील कैद्यांची फाशी टळावी म्हणून अनसूयाबाईंनी केलेली धडपड विदर्भात परिचित होती. स्वातंत्र्यलढ्यातील काम आणि सत्ताधारी पक्षाची उमेदवारी हा त्यांचा मार्ग होता.

४/
विरोधी पक्षांतल्या स्त्रियांना तो मार्ग खुला नव्हता. १९५२ मध्ये खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले, यावरून विरोधकांची अवस्था लक्षात यावी. जिंकता येण्याजोग्या जागाच मूठभर, आणि त्यांवर पक्षातल्या ज्येष्ठ पुरुषांचा दावा. मग या स्त्रियांनी कामाची जागा शोधली ती चाळीत, वस्तीत आणि नगरपालिकेत.

५/
मृणाल गोरे यांचा जन्म १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या. सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. दोघांनी गोरेगाव हे कार्यक्षेत्र निवडले. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले, तेव्हा मृणालताई तिशीच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती.

६/
गोरेगाव तेव्हा ग्रामपंचायतीचे गाव होते आणि मृणालताई त्या पंचायतीच्या सदस्य होत्या. पुढे गोरेगाव महापालिकेच्या हद्दीत आले. १९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या. नळाला पाणी नाही, आहे तिथे पुरेसे नाही, ही उपनगरांची रोजची तक्रार. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनी पालिकेवर नेले. 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिले, ते यातून.

७/
गिरणगावात अहिल्या रांगणेकर काम करत होत्या. जन्म १९२२, माहेरच्या रणदिवे. कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या त्या धाकट्या बहीण. १९४३ मध्ये कामगार स्त्रियांना एकत्र आणणारा परळ महिला संघ उभा राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाच्या समर्थनार्थ परळ रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबारात कमल दोंदे ठार झाल्या आणि अहिल्याताईंची बहीण कुसुम जखमी झाली.

८/
अहिल्याताईही १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या आणि पुढे दीर्घकाळ तिथे निवडून येत राहिल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, तेव्हा त्यांना प्रदीर्घ तुरुंगवास घडला. १९६४ मध्ये पक्ष फुटला आणि त्या मार्क्सवादी पक्षात गेल्या. गोरेगावची समाजवादी आणि परळची मार्क्सवादी: या दोघींचे पक्ष एकमेकांकडे संशयाने पाहणारे होते.

९/
त्यांना एकत्र आणले महागाईने. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. धान्य, गोडेतेल, साखर, रॉकेल यांची टंचाई झाली, रेशनच्या रांगा लांबल्या. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली.

१०/
समितीचे हत्यार होते लाटणे. थाळीवर लाटणे बडवत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. मंत्र्यांना घेराव पडले. राजकीय सभेला कधी न गेलेल्या बायकांनी प्रथमच मंत्र्याला तोंडावर जाब विचारला. त्या काळी रांगेत उभे राहणे बहुधा बाईच्याच वाट्याला येई. त्यामुळे कोणत्या दुकानात किती धान्य आले आणि किती गायब झाले, हे त्या मंत्र्यांपेक्षा अधिक नेमके जाणत होत्या.

११/
१९७२ मध्येच मृणालताई विधानसभेत पोहोचल्या. चळवळीतल्या स्त्रीसाठी लोकसभेचे दार मात्र उघडले ते जानेवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या गिरणगावातील पोटनिवडणुकीत. उमेदवार होत्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्या कन्या. समोर काँग्रेसचे रामराव आदिक, आणि त्यांना शिवसेनेचा पाठिंबा.

१२/
ही निवडणूक दलित पँथरशिवाय समजत नाही. दलितांवरील अत्याचारांबाबत प्रस्थापित पक्ष उदासीन आहेत, असे सांगत पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा झाली आणि तिच्यानंतर दंगल पेटली. १० जानेवारीला पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. काँग्रेस ज्या दलित मतांवर विसंबून होती, ती दुरावली. रोझाताई विजयी झाल्या.

१३/
म्हणजे या विजयाची एक किंमत वरळीच्या बीडीडी चाळींनी मोजली होती. 'पुरोगामी स्त्री जिंकली' असे एका ओळीत लिहिले की हा भाग पुसला जातो. बहिष्कार टाकणाऱ्यांनी रोझाताईंसाठी बहिष्कार टाकला नव्हता. पण त्याचा लाभ त्यांना झाला.

१४/
२५ जून १९७५. आणीबाणी. मृणाल गोरे भूमिगत झाल्या. वर्षाअखेरीस पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एका कुष्ठरुग्ण कैद्याच्या शेजारच्या कोठडीत ठेवले गेले आणि त्यावर मोठा संताप व्यक्त झाला. अहिल्या रांगणेकरही तुरुंगात होत्या. प्रमिला दंडवते येरवड्यात, तर त्यांचे पती, खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात.

१५/
आणि रोझा देशपांडे? त्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. तीन वर्षांपूर्वी एकाच समितीत लाटणी घेऊन चाललेल्या पक्षांपैकी दोन पक्षांच्या स्त्रिया गजाआड होत्या आणि तिसऱ्या पक्षाच्या खासदार लोकसभेत बसत होत्या. 'पुरोगामी स्त्रिया' हा एकजिनसी गट कधीच नव्हता. रेशनच्या प्रश्नावर जुळलेली एकजूट सत्तेच्या प्रश्नावर टिकली नाही.

१६/
जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. जनता पक्ष घाईघाईत उभा राहिला आणि मार्क्सवादी पक्षाशी जागांचा समझोता झाला. याचा अर्थ सरळ होता: बहुतेक जागांवर काँग्रेसविरुद्ध एकच प्रमुख उमेदवार. एरवी समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ यांच्यात विभागणारी मते प्रथमच एका ठिकाणी पडणार होती.

१७/
निकाल: काँग्रेसने मुंबईच्या सहाही जागा गमावल्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर विजयी. राज्यात मार्क्सवादी पक्षाला मिळालेल्या ३ जागांपैकी एक अहिल्याताईंची. या दोघींना केवळ लाटेने निवडले असे म्हणणे अपुरे ठरेल. लाट देशभर होती. तरीही स्त्रिया १९ च आल्या. इथे लाट आली तेव्हा सोळा वर्षांचे नगरसेवकपद आणि प्रभागातले काम आधीच उभे होते.

१८/
जनता सरकार कोसळले आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी दणदणीत बहुमताने परतल्या. त्या प्रतिकूल निवडणुकीतही उत्तर-मध्य मुंबईने जनता पक्षाच्या प्रमिला दंडवते यांना निवडून दिले. सलग दोन वेळा, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या आणि एकाच महागाईविरोधी समितीत घडलेल्या दोन स्त्रिया एकाच मतदारसंघातून लोकसभेत गेल्या.

१९/
प्रमिलाताईंनी हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा कडक व्हावा म्हणून खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयके बहुधा मंजूर होत नाहीत, पण विषय पटलावर येतो. संसदीय समितीत चर्चा झाली आणि १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मृणालताई पुढे विधानसभेत परतल्या आणि गर्भलिंगनिदानाचा प्रश्न त्यांनी तिथे लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशात पहिला कायदा केला.

२०/
इथे एक आक्षेप रास्त आहे. रोझाताई डांग्यांच्या कन्या, अहिल्याताई रणदिव्यांच्या भगिनी, प्रमिलाताई मधू दंडवत्यांच्या पत्नी. मग घराणेशाही वेगळी ती काय? नाते होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाहायचे ते नाते आणि उमेदवारी यांच्यामध्ये किती वर्षे गेली आणि त्या वर्षांत काय घडले. अहिल्याताईंच्या बाबतीत त्यात तीन दशकांहून अधिक काळाचे काम आणि अनेक तुरुंगवास होते.

२१/
त्याच नावाचा मतदारसंघ आज पाहा (सीमा २००८ मध्ये बदलल्या आहेत). २००९ पासून उत्तर-मध्य मुंबईने सातत्याने स्त्री खासदार निवडली: प्रिया दत्त, पूनम महाजन, वर्षा गायकवाड. तिघींचेही वडील खासदार होते. त्यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावे. पण उमेदवारीपर्यंत पोहोचण्याची वाट बदलली, हे या यादीतून दिसते.

२२/
वाट का बदलली? १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि परळच्या कामगार स्त्रियांची संघटित ताकद ओसरली. डावे आणि समाजवादी पक्ष राज्यात आक्रसले. निवडणूक महाग झाली. प्रभागात वीस वर्षे घालवलेल्या बाईला तिकीट देऊ शकेल असा पक्षच जिंकण्याच्या स्थितीत उरला नाही.

२३/
आता मराठवाडा. १९७७ मध्ये औरंगाबादने (आजचे छत्रपती संभाजीनगर) राष्ट्र सेवा दलाच्याच मुशीतले बापू काळदाते लोकसभेत पाठवले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात दगडाबाई शेळके आणि आशाताई वाघमारे यांच्यासारख्या स्त्रिया लढल्या होत्या. बीडने १९८० मध्ये काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर यांना निवडले. परंतु औरंगाबाद आणि जालना या दोन्ही मतदारसंघांनी १९५२ पासून २०२४ पर्यंत एकदाही स्त्री खासदार निवडलेली नाही.

२४/
या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर करमाड आहे. या रस्त्यालगतच्या गावांत १९९० च्या दशकापासून स्त्रिया आरक्षणामुळे पंचायतीत येत आहेत; २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. पाणी, रेशन, रस्ता हे त्यांचे रोजचे विषय. मृणालताईंनीही सुरुवात ग्रामपंचायतीतूनच केली होती. मग इथली सरपंच दिल्लीच्या दिशेने सरकत का नाही?

२५/
एक उत्तर आरक्षणाच्या रचनेत आहे. राखीव जागा फिरती असते. पाच वर्षांत कष्टाने बांधलेला प्रभाग पुढच्या सोडतीत हातून जातो. २०१० मध्ये राज्यसभेने महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत केले. ते एकमेव विरोधी मत शरद जोशी यांचे होते. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात ग्रामीण स्त्रियांना राजकारणात उतरण्याची हाक देणाऱ्या शेतकरी नेत्याचा आक्षेप या फिरत्या पद्धतीवर होता.

२६/
२०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती झाली. अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७ स्त्रिया आहेत. कायद्याने संख्या निश्चित वाढेल. त्या वाढीव जागांवर कोणाच्या लेकी-सुनांना तिकीट मिळेल आणि हंडा मोर्चातल्या बाईला मिळेल का, हे मात्र कायदा ठरवत नाही.

२७/
चार स्त्रियांचा हा इतिहास एवढे दाखवतो की १९७७ चा विजय मार्चमध्ये घडला नव्हता. तो १९५४ च्या गोरेगाव पंचायतीत, १९६१ च्या महापालिकेत आणि १९७२ च्या रेशन रांगेत हळूहळू जमा होत गेला होता. मतदारांनी दिल्लीला पाठवलेली बाई त्यांना आधीपासून ठाऊक होती. तिच्यामुळे त्यांच्या नळाला पाणी आले होते.