'उपयोगी' : पण कोणाला?
(इंदापूरची जमीन, महार वतन आणि एका इंग्रजी शब्दाचा इतिहास)

'यूजफुल' हा इंग्रजी भाषेतील अगदी साधा शब्द. शाळकरी मुलालाही त्याचा अर्थ सांगता येतो. मराठीत त्याला उपयोगी, उपयुक्त, कामाचा, लाभदायक, हितकर असे अनेक पर्याय आहेत. परंतु हे पर्याय एकाच अर्थाचे नाहीत. 'कामाचा' म्हटले की काम करून घेणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. 'लाभदायक' म्हटले की लाभ घेणारा येतो. 'हितकर' म्हटले तरच ज्याचे हित व्हावयाचे त्याच्याकडे दृष्टी वळते. एखादी वस्तू अथवा माणूस उपयोगी आहे असे विधान केले की 'कोणाला उपयोगी?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. आपल्या समाजाच्या इतिहासात हा प्रश्न जमिनीच्या दप्तरात लिहिला गेला आहे. तो समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

१८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्या काळी इंग्लंडमध्ये बेंथॅम आणि जेम्स मिल यांच्या उपयुक्ततावादाचा बोलबाला होता. जो कायदा अधिकाधिक लोकांच्या सुखास उपयोगी पडेल तो चांगला, अशी त्यांची कसोटी होती. जेम्स मिल हे स्वतः लंडनमधील कंपनीच्या कचेरीत १८१९ पासून नोकरीस होते आणि हिंदुस्थानच्या महसुली धोरणावर त्यांच्या विचारांचा मोठा प्रभाव पडला. हेलिबरीच्या विद्यालयात माल्थसच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा अधिकारी पुणे जिल्ह्यात हे अर्थशास्त्र घेऊन आला. प्रत्येक शेताचे उत्पन्न मोजावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. प्रत्यक्षात मोजणीत चुका व लाचलुचपत झाली, आकारणी जड झाली आणि शेते पडीक पडू लागली.

हे अपयश सर्वांत ठळकपणे दिसले ते अवर्षणग्रस्त इंदापुरात. म्हणून १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तेथेच नवी पाहणी हाती घेतली. निव्वळ उत्पन्नाचा हिशोब त्यांनी सोडून दिला. जमिनीचा पोत, तिची खोली व तिच्यातील दोष पाहून तिची प्रत ठरवावी आणि माफक आकार तीस वर्षांसाठी कायम करावा, ही त्यांची रीत होती. पुढे १८४७ साली तिचे नियम एकत्र झाले आणि ती मुंबई इलाख्याची पद्धत बनली. आज आपण सहज 'सर्व्हे नंबर' म्हणतो, त्या व्यवस्थेचे एक उगमस्थान इंदापूर आहे.

जमिनीची प्रत लावण्यात गैर काही नव्हते. परंतु ज्या महसुली व्यवस्थेने मातीचे वर्ग पाडले, तिनेच गावच्या माणसांचेही वर्ग पाडले. इनाम आणि वतन जमिनींच्या वर्गवारीत गावच्या चाकरांसाठी सहावा वर्ग होता व त्याचे दोन भाग होते. सुतार, लोहार, कुंभार आदी बलुतेदार हे 'रयत उपयोगी' म्हणून ६-अ मध्ये आले. महार आणि रामोशी हे 'सरकार उपयोगी' म्हणून ६-ब मध्ये आले. इंग्रजीतील 'यूजफुल' हा शब्द अशा रीतीने मराठी दप्तरात शिरला आणि आपल्या बापजाद्यांच्या नावापुढे चिकटला.

वरवर पाहता 'सरकार उपयोगी' ही पदवी मानाची वाटेल. तिच्यामागील वस्तुस्थिती निराळी होती. गावची सीमा दाखवणे, वेस राखणे, सरकारी टपाल व खजिना पोचवणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यामागे धावणे, गाव झाडणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताची वर्दी परगावी नेणे, अशी कामे महाराकडे होती. कामाला ठराविक वेळ नव्हती. घरचा कर्ता पुरुष हजर नसला तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते. म्हणजे चाकरी सरकारची आणि तिची मजुरी मात्र गावकऱ्यांच्या मर्जीवर! महाराने मान वर केली की बलुते बंद करता येत असे. 'उपयोगी' या शब्दात उपयोग करून घेणाऱ्याची सोय होती. उपयोगी पडणाऱ्याचा हक्क नव्हता.

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने, म्हणजेच वतन कायद्याने, या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे सुरू झाले. कर्जबाजारी रयतेचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही केला. वतनाच्या बेडीत अडकलेल्या महाराचे गाऱ्हाणे कायदेमंडळात मांडले जाण्यास मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले.

ते मांडले बाबासाहेबांनी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी हलकी कामे सोडण्याचा उपदेश केला. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी वतनाचा प्रश्न समाजासमोर ठेवला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ज्याला चाकरी सोडावयाची असेल त्याने पूर्ण सारा भरावा आणि जमीन रयतवारीने आपल्याकडे ठेवावी; बलुत्याचे रूपांतर पैशात व्हावे; कामे निश्चित ठरावीत, असा त्याचा आशय होता. शेवटी १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. परंतु त्या विधेयकाने प्रश्नाची दिशाच बदलली. महार सरकारला किती उपयोगी आहे याची चर्चा करणाऱ्यांसमोर त्यांनी, वतन महाराच्या हिताचे आहे काय, हा प्रश्न ठेवला. १९३९ साली हरेगावच्या परिषदेतही वतनदारांच्या याच दुःखाला त्यांनी वाचा फोडली.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली, पण त्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा. महारांसह इतर गावचाकरांच्या वतनांचा कायदा १९५८ चा आणि त्याचे नाव 'कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा'. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. तोपर्यंत नागपूरच्या धर्मांतराला जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. ज्यांनी बुद्धाला शरण जाऊन उच्चनीचतेचा त्याग केला होता, त्यांच्या मुक्ततेच्या कायद्याच्या कपाळी 'कनिष्ठ' हा शब्द होता. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमीन पुन्हा मिळाली. परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येणार नाही, ही अट राहिली. ही अट जमीन वाचवण्यासाठी उपयोगी आहे असे सांगितले गेले. तरीही कित्येकांच्या जमिनी गेल्या आणि सातबाऱ्यावरील शर्तीचा अर्थ न कळल्याने कित्येक कुटुंबे फसली.

धम्माच्या दृष्टीने या शब्दाकडे पाहिले तर भेद स्पष्ट होतो. पाली वाङ्मयात 'अत्थ', 'हित' आणि 'कुसल' हे शब्द वारंवार येतात. 'अत्थ' म्हणजे प्रयोजन किंवा कल्याण, 'हित' म्हणजे भले आणि 'कुसल' म्हणजे लोभ, द्वेष व मोह यांपासून मुक्त असे कर्म. तथागतांनी भिक्खूंना चारिकेसाठी पाठवले ते बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी. तेथे बहुजन हे कोणाच्या उपयोगाचे साधन नाहीत. त्यांचे हित हेच प्रयोजन आहे. उपयुक्ततावादाने अधिकाधिक लोकांच्या सुखाची भाषा केली खरी. पण त्या काळच्या सरकारी दप्तराने त्या बेरजेत महाराला मोजले नाही, त्याला केवळ बेरीज करणाऱ्याच्या हाताखाली ठेवले. धम्मात करुणा आणि समता असल्यामुळे असे कोणालाही वगळता येत नाही.

म्हणून आपल्या उपासक-उपासिकांनी हा इतिहास केवळ ग्रंथात शोधू नये. तो तलाठी कचेरीतील जुन्या इनाम नोंदींत, फेरफारांत आणि सातबाऱ्यावरील '६-ब' या दोन अक्षरांत आहे. ज्यांच्या घरी हे कागद असतील त्यांनी ते जपावेत, त्यांच्या प्रती विहारात ठेवाव्यात आणि तरुणांना त्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ समजावून सांगावा. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांना दुसऱ्याच्या कामाचे ठरवले, त्याचा अर्थ आता आपण स्वतः ठरवावयाचा आहे. आणि तो ठरवताना 'कोणाला?' हा प्रश्न विसरावयाचा नाही.