पादोव्याच्या पेढीचा सौदा

उत्तर इटलीतील पादोवा नगर संत आंतोनियोच्या समाधीमुळे विख्यात आहे. या संताचे नाव गोमंतकासही अपरिचित नाही. या नगरात दोन पतपेढ्या उदयास आल्या. पहिली १८६६ सालची लोकपेढी. दुसरी १८९३ साली कॅथॉलिक मंडळींनी काढलेली, संताच्याच नावाने ओळखली जाणारी ‘आंतोनियाना’.

लोकपेढीची कल्पना इटलीत लुईजी लुत्साती या अर्थशास्त्रज्ञाने रुजविली. कारागीर व लहान दुकानदार यांनी थोडेथोडे भाग घ्यावेत, परस्परांच्या ओळखीवर कर्ज द्यावे, आणि भाग कितीही असोत, मत प्रत्येकी एकच असावे, हे तिचे सूत्र. अशी पहिली पेढी १८६४ साली लोदी येथे निघाली. वडोदऱ्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली स्थापिलेली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ अशाच गरजेतून जन्मास आली होती.

१९९६ साली पादोव्याच्या दोन्ही पेढ्या एक होऊन ‘आंतोनवेनेता’ झाली आणि या शतकाच्या आरंभी ती सहकारी स्वरूप टाकून भागबाजारात उतरली. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मूलगामी होय. जेथे माणशी एक मत, तेथे सभासदांची मने वळवावी लागतात. जेथे भागास एक मत, तेथे भाग विकत घेतले की काम होते.

तसेच घडले. २००५ साली हॉलंडच्या आबीएन आम्रो बँकेने मागणी घातली. प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली ती लोदीचीच पेढी! तिने साथीदारांकरवी छुपेपणाने भाग जमविल्याचे उघडकीस आले आणि तिची पाठराखण केल्याचा ठपका आलेले मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आंतोनियो फात्सियो यांस त्याच वर्षाच्या डिसेंबरात पद सोडावे लागले. पेढी डच बँकेकडे गेली; २००७ साली ती बँकही विकली गेली, तेव्हा पादोव्याचा वाटा स्पेनच्या सांतांदेर बँकेस मिळाला. तिने त्याची किंमत सुमारे ६.६ अब्ज युरो धरली होती. काही आठवड्यांतच सिएनाच्या ‘मोंते देई पास्की’ने तो ९ अब्जांस घेण्याचे ठरविले, आणि तेही वहीखाती सविस्तर न तपासता.

सिएनाची ही पेढी १४७२ साली गरिबांस सावकारी व्याजापासून सोडविण्यासाठी नगरसत्तेने स्थापिली होती. तिचे बहुतांश भाग एका लोकोपयोगी प्रतिष्ठानाकडे होते व त्यांच्या उत्पन्नावर नगरातील अनेक कार्ये चालत. ९ अब्ज उभारताना जागतिक मंदी कोसळली. पेढीवरील वर्चस्व सुटू नये म्हणून प्रतिष्ठानाने आपला संचित निधी नव्या भागांत ओतला, वर कर्जही काढले. वर्चस्व गेले आणि निधीही आटला. २०१३ साली आंतोनवेनेता सिएनाच्या पेढीत विलीन झाली. २०१७ साली त्या पेढीलाच तारण्यासाठी सरकारला सुमारे ६८ टक्के भाग घ्यावे लागले. त्यांपैकी बहुतेक २०२३ व २०२४ मध्ये सरकारने विकले.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण देवस्थानांचा वा शिक्षणसंस्थांचा निधी सांभाळतात. त्यांस आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, सिएनाच्या विश्वस्तांना निधी कशासाठी आहे याचा विसर पडला. संस्थेवरील आपला ताबा हेच त्यांना जपण्याजोगे धन वाटले. विश्वस्ताचा अधिकार निधीच्या रक्षणासाठी असतो. अधिकाराच्या रक्षणासाठी निधी खर्चणे कोणत्याही देशाच्या न्यायबुद्धीस मान्य होणार नाही.