मालकाचा खिसा आणि कामगाराची वर्गणी

पिंपरीच्या कामगाराने युनियनमार्फत राजकारणाला रुपया द्यायचा, तर निधी वेगळा हवा आणि सक्ती नको, हे १९२६ सालीच कायद्याने आम्हांस बजावले. भांडवलाचे काय? १९५७ साली मुंबई हायकोर्टाने टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षदेणगीची मुभा दिली. मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्यातला लोकशाहीचा धोकाही सांगितला. १९६९ साली कंपन्यांना बंदी झाली, १९८५ साली ती उठली. संचालकाच्या स्वतःच्या खिशाला ती कधीच नव्हती! त्याचा पगार कंपनीच्या अहवालात छापतात. त्यातून कोणत्या पक्षाला काय गेले, ते तेथे नसते. २०१८ च्या निवडणूक रोख्यांनी तर नावेच झाकली. २०२४ साली सुप्रीम कोर्टाने रोखे रद्द केले, यादी उघडली; लक्ष्मी मित्तल यांचे एकट्याचे ३५ कोटी निघाले.